लाकडी खेळण्यांचा ऑनलाइन धंदा: स्पर्धक कोण, गिऱ्हाईक कुठे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सावंतवाडीच्या चितार आळीत आणि महाराष्ट्रात इतर ठिकाणी घरगुती पातळीवर खेळणी बनवणाऱ्यांशी बोलताना तेच-ते प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतात. दरवेळी फोनवर सांगण्यापेक्षा ते एका जागी लिहून ठेवले आहेत. एक-दोन लेथ, चार-सहा माणसं आणि स्वतःचा हात असलेल्या धंद्यासाठी हे लिहिलंय. मोठ्या कारखान्याचं गणित वेगळं असतं.

आमचा स्पर्धक नेमका कोण? शेजारचा कारागीर की मोठ्या कंपन्या?

शेजारचं दुकान तुमचं गिऱ्हाईक तेव्हाच नेतं, जेव्हा गिऱ्हाईक स्वतः आळीत उभं असतं. गोव्याहून परतताना सावंतवाडीत थांबलेलं कुटुंब चार दुकानं फिरतं, भाव विचारतं, लाकडी आंबा-सीताफळ हातात घेऊन बघतं. तेच कुटुंब ठाण्याला घरी बसून पुतणीच्या वाढदिवसासाठी काहीतरी शोधतं, तेव्हा त्यांच्या पडद्यावर तुमचा शेजारी कुठेच नसतो. तिथे प्लॅस्टिकचा किचन सेट असतो, रंगपेट्या असतात, बोर्ड गेम असतो, फ्रॉक असतो, आणि मनात ‘पाकीटच देऊ या’ हा विचारही असतो. भातुकलीच्या सेटची लढाई या सगळ्यांशी आहे.

म्हणून मी वस्तूपासून सुरुवात करत नाही, प्रसंगापासून करते. तुमच्याकडून गेल्या वर्षभरात ज्यांनी माल घेतला त्यांतल्या वीस जणांना फोन करा आणि एवढंच विचारा: कोणासाठी घेतलंत, आणि आमच्याकडून घेतलं नसतं तर काय घेतलं असतं? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे तुमच्या स्पर्धकांची यादी. ती यादी दुसरं कोणी तुम्हाला विकत देऊ शकणार नाही.

पांगुळगाड्याचं उदाहरण घ्या. पांगुळगाडा बनवणाऱ्याला वाटतं, आपली स्पर्धा दुसऱ्या सुताराशी आहे. शहरातली तरुण आई मात्र ‘बेबी वॉकर’ शोधते आणि तिला बाळ बसवायचे चाकांचे प्लॅस्टिकचे वॉकर दिसतात. या बसायच्या वॉकरवर कॅनडानं २००४ मध्ये बंदी घातली, अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही त्याच्या विरोधात आहे, कारण त्यात बसून बाळ जिन्यापर्यंत भर्रकन पोचतं आणि अपघात होतात. पांगुळगाड्याला धरून बाळ स्वतःच्या पायावर उभं राहून ढकलत जातं. हा फरक साध्या शब्दांत आणि एका व्हिडिओत दाखवलात तर ‘बेबी वॉकर’ शोधणारी आई तुमच्याशी बोलायला लागते. मात्र ‘बाळ लवकर चालायला लागतं’ असला दावा चुकूनही करू नका. तो सिद्ध करता येत नाही, आणि पालकांना खोटी आशा विकणं बरंही नाही.

स्पर्धकांचा अभ्यास करायचा म्हणजे काय करायचं? त्याला महागडं सॉफ्टवेअर लागतं का?

एक वही लागते आणि दोन संध्याकाळी.

पहिल्या संध्याकाळी मोबाइलवर ब्राउझरची खासगी खिडकी उघडा, म्हणजे तुमच्या जुन्या शोधांचा परिणाम कमी राहतो. तुमच्या वस्तूसाठी लोक जे शब्द टाकतील ते टाका. मार्केटप्लेसवर (म्हणजे ॲमेझॉनसारख्या, अनेक विक्रेत्यांचा माल विकणाऱ्या साइटवर) आणि गूगलवर पहिल्या पानावर आलेल्या दहा वस्तूंची नोंद करा: किंमत, नगांची संख्या, कोणत्या वयासाठी, पहिला फोटो कसला, पोचवायला किती दिवस, परत घेतात का.

मग खरं काम सुरू होतं. त्या दहा वस्तूंचे एक, दोन आणि तीन ताऱ्यांचे अभिप्राय वाचायचे. पाच ताऱ्यांचे सोडून द्या, त्यांत ‘छान’ यापलीकडे फारसं काही नसतं. तक्रारी मात्र सोन्याच्या असतात. ‘फोटोत मोठं दिसलं, हातात आल्यावर काडेपेटीएवढं निघालं.’ ‘रंगाला वास येतो.’ ‘कडा टोचतात.’ ‘लाटणं आहे पण पोळपाट नाही.’ प्रत्येक तक्रारीपुढे खूण करत जा. साठ-सत्तर अभिप्राय वाचून झाले की तीन-चार तक्रारी सारख्या येताना दिसतील. त्या तक्रारींना तुमची वस्तू उत्तर देते का, हे तपासा. देत असेल तर तेच तुमच्या वर्णनाचं पहिलं वाक्य, आणि तेच पहिल्या फोटोत दिसायला हवं. आकाराची तक्रार जवळजवळ प्रत्येक वहीत सापडते. उपाय सोपा आहे: वस्तू लहान मुलाच्या तळहातावर ठेवून फोटो काढा आणि सेंटिमीटर लिहा.

दुसऱ्या संध्याकाळी त्यांच्या जाहिराती बघा. फेसबुक-इन्स्टाग्रामची मेटा ॲड लायब्ररी सर्वांना फुकट खुली आहे. ब्रँडचं नाव टाकलं की सध्या चालू असलेल्या जाहिराती आणि त्या कधीपासून चालू आहेत ते दिसतं. गूगलनंही २०२३ पासून असंच पारदर्शकता केंद्र उघडलंय. चार-चार महिने चालू असलेली जाहिरात बहुधा पैसे परत आणत असते, नाहीतर एवढे दिवस कोणी खर्च केला नसता. ती नीट बघा: कोणाला उद्देशून आहे, आईला, आजीला की शाळेला?

हे वर्षातून दोनदा केलं तरी पुरे. रोज स्पर्धकाचं पान उघडून बसलेले लोक मी पाहिलेत. त्यांचा हात लेथवरून निघतो, आणि धंदा तर हातावरच आहे.

चन्नपट्टणची खेळणी सगळीकडे दिसतात. आमची का दिसत नाहीत?

हा प्रश्न सावंतवाडीत हमखास येतो, आणि त्यात दुखावलेपण असतं. ते मला समजतं.

चन्नपट्टण बंगळूरपासून साठेक किलोमीटरवर, म्हैसूरच्या हमरस्त्यावर आहे. शहरातले डिझाइनर, संस्था, निर्यातदार तिथे सहज पोचले. त्यांच्या कामाला जीआय, म्हणजे वस्तू त्या भागाचीच असल्याची भौगोलिक ओळखीची कायदेशीर नोंद, लवकर मिळाली. कामाची पद्धतही ऑनलाइन विक्रीला सोयीची आहे: लेथवर फिरत्या लाकडावर लाखेची कांडी धरायची, घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळून चढते, मग केवड्याच्या पातीनं चकाकी द्यायची. आकार गोल, टोकं बोथट, नगामागून नग सारखा. बाळाच्या खुळखुळ्यापासून रिंगांच्या मनोऱ्यापर्यंत सगळं ‘शून्य ते तीन वर्षं’ या खणात बसतं, आणि नव्या आई-बाबांइतका मन लावून शोधणारा ग्राहक दुसरा नाही.

सावंतवाडीची ताकद वेगळी आहे. इथे चिताऱ्यांचा हात आहे, म्हणजे रंगवणं. फळं-भाज्या खऱ्या वाटाव्यात इतकी रंगवलेली, गंजिफाचे गोल पत्ते, चौरंग, पाट, भातुकली. गंजिफा तर जवळजवळ संपलाच होता. १९७० च्या दशकात सावंतवाडी संस्थानचे शिवराम राजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यात कारागिरांना बसवून ती कला पुन्हा उभी केली. अशी गोष्ट कोणत्याही मोठ्या ब्रँडला कितीही पैसे दिले तरी विकत घेता येत नाही. तरी आपल्या ऑनलाइन यादीत लिहिलेलं असतं: ‘वुडन फ्रूट सेट, मल्टिकलर, पॅक ऑफ ६’. गावाचं नाव नाही, हाताचं नाव नाही.

चन्नपट्टणची नक्कल करून खुळखुळे काढू नका. त्यात ते चाळीस पावलं पुढे आहेत. रंगवण्यात तुम्ही पुढे आहात, तिथेच राहा.

चिनी मालासमोर टिकणार कसं?

चित्र दहा वर्षांपूर्वीचं राहिलेलं नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये खेळण्यांवरचं आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७० टक्के. १ जानेवारी २०२१ पासून गुणवत्ता नियंत्रण आदेश लागू झाला आणि प्रमाणपत्राशिवाय येणारा परदेशी माल अडला. सरकारी आकड्यांनुसार २०१४-१५ मध्ये भारताची खेळण्यांची आयात सुमारे ३३ कोटी २५ लाख डॉलर होती, २०२२-२३ मध्ये ती १५ कोटी ८७ लाखांवर आली. याच काळात निर्यात ९ कोटी ६१ लाखांवरून ३२ कोटी ५७ लाख डॉलरवर गेली.

पण आयात घटली म्हणून लाकडी खेळणी आपोआप खपत नाहीत. मोकळी झालेली जागा मुख्यतः देशी प्लॅस्टिकनं भरली, आणि तेही स्वस्तच असतं. दीडशे रुपयांच्या सेटशी दरात लढायला गेलात तर मजुरीही सुटणार नाही. ज्या घरात दीडशेचा सेट महिन्यात मोडला आणि आई वैतागली, ते घर तुमचं. तिच्या त्या वैतागाशी बोला.

बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) प्रमाणपत्र आम्हालाही लागतं का?

१४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. सर्वसाधारण खेळण्यांसाठी आयएस ९८७३ ही मानकांची मालिका आहे, विजेवर किंवा बॅटरीवर चालणाऱ्यांसाठी आयएस १५६४४. वर सांगितलेल्या गुणवत्ता नियंत्रण आदेशात दोन सवलती आहेत. केंद्राच्या हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरानं स्वतः बनवून विकलेली वस्तू सुटते. जीआय नोंदणीतल्या वस्तूचा नोंदणीकृत मालक किंवा अधिकृत वापरकर्ता असेल तर तोही सुटतो. म्हणून घरातल्या प्रत्येक कारागिराचं या नोंदणीचं पहचान कार्ड काढून ठेवा, ते जुनं झालं असेल तर नवं करून घ्या, आणि कागद स्कॅन करून मोबाइलमध्ये तयार असू द्या. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाचा सगळा माल एका मार्केटप्लेसवरून ऐन दिवाळीच्या तोंडावर उतरवला गेला. कार्ड कपाटात होतं, फक्त वेळेत वर चढवलेलं नव्हतं. पंधरा दिवस गेले, आणि वर्षाची अर्धी कमाई त्या पंधरा दिवसांत असते.

सवलत असली तरी सुरक्षिततेतून सूट घेऊ नका. हे मी फार कळकळीनं सांगते. रंगात शिसं नको. २००७ मध्ये मॅटेलसारख्या बड्या खेळणी कंपनीला शिशाच्या रंगामुळे एकट्या ऑगस्टच्या पहिल्या फेरीत अमेरिकेतच दहा लाखांच्या आसपास खेळणी परत बोलवावी लागली. तेवढी मोठी कंपनी त्यातून सावरली, एका लेथचा धंदा सावरणार नाही. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी तपासणीत ३१.७ मिलिमीटर व्यासाचं नळकांडं वापरतात. खेळण्याचा सुटा किंवा निघणारा भाग त्यात पूर्ण मावला तर तो घशात अडकू शकतो असं धरतात. लेथवर तसलं नळकांडं स्वतःच कातून ठेवा. भातुकलीतली लिंबं, वाटाणे, छोट्या वाट्या त्यात टाकून बघा. मावल्या तर वर्णनात ‘तीन वर्षांवरील मुलांसाठी’ ठळक लिहा. प्रयोगशाळेतून रंगाची चाचणी करून घेतली असेल तर त्या अहवालाचा फोटोही यादीत टाका, पालक तो वाचतात.

भाव कसा लावायचा? ऑनलाइन विकलं की हातात काही उरत नाही.

बहुतेकांचं नुकसान कमिशनमध्ये नसतं, खोक्यात असतं.

कुरियरवाले आणि मार्केटप्लेस वजनाबरोबर जागाही मोजतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५००० नं भागायची. जे येईल ते किलो. खरं वजन आणि हे वजन यांतलं जे जास्त, त्याचे पैसे. भातुकलीचा सेट खरा दीड किलोचा आहे, पण तुम्ही तो ४० × ३० × २० च्या खोक्यात भरलात. गुणाकार २४,०००, भागिले ५०००, म्हणजे ४.८ किलो. दीड किलोच्या मालाला पावणेपाच किलोचं भाडं! तोच सेट वाट्या एकात एक बसतील, जात्याच्या पोटात पळी जाईल, पोळपाट तळाशी आडवा राहील असा रचला आणि ३० × २० × १२ मध्ये बसवला, तर १.४४ किलो. सेटची रचना करतानाच खोकं मनात हवं. मोठ्या कंपन्यांचे डिझाइनर हेच करतात. आपल्याकडे आधी वस्तू होते आणि मग बाजारातून खोकं शोधलं जातं.

यानंतर कमिशन, पॅकिंग, फुटून परत येणारे नग आणि जीएसटी लिहून काढा. सप्टेंबर २०२५ मध्ये बॅटरी-वीज नसलेल्या खेळण्यांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, जुने दरपत्रक वापरत असाल तर बदला. आणि मजुरी तासावर धरा. ‘घरातलीच बाई रंगवते’ म्हणून तिचे तास शून्य धरण्याची सवय सर्वत्र आहे. तो हिशेब खोटा आहे.

मार्केटप्लेसवर विकावं की स्वतःची वेबसाइट काढावी?

दोन्ही, पण कोणाचं काम काय ते ठरवून.

या धंद्यात एक मोठी गोष्ट घडून गेलीय. ‘टॉइज आर अस’ ही अमेरिकेतली खेळण्यांच्या दुकानांची प्रचंड साखळी. २००० साली तिनं ॲमेझॉनशी दहा वर्षांचा करार केला: ऑनलाइन विक्री ॲमेझॉननं सांभाळायची आणि तिथे खेळणी आपलीच असायची. पुढे ॲमेझॉनवर इतर विक्रेत्यांचीही खेळणी आली. २००४ मध्ये प्रकरण कोर्टात गेलं, २००६ मध्ये करार मोडायला परवानगी मिळाली. कोर्टात ‘टॉइज आर अस’ची सरशी झाली, पण ऑनलाइन दुकान स्वतःच्या हातानं चालवायला शिकण्याची ती सुरुवातीची वर्षं गेली होती. सप्टेंबर २०१७ मध्ये कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला, २०१८ मध्ये अमेरिकेतली दुकानं बंद झाली. सगळा दोष त्या कराराला देणं चूक ठरेल. २००५ मध्ये गुंतवणूकदारांनी कर्ज काढून कंपनी विकत घेतली होती, आणि पाच अब्ज डॉलरच्या घरातलं कर्ज मानेवर असताना नवं काही उभारायला पैसा उरत नव्हता. पण आपल्यापुरता धडा स्वच्छ आहे: दुसऱ्याच्या ओट्यावर बसून विका, गिऱ्हाइकाची ओळख मात्र स्वतःच्या वहीत हवी.

मार्केटप्लेस नवं गिऱ्हाईक आणून देतं. तिथे तुम्हाला त्याचा नंबर बहुधा मिळत नाही, आणि त्यांच्या अटींत राहूनच वागावं लागतं. म्हणून सुरुवातीला महागडी वेबसाइट न काढता व्हॉट्सॲप बिझनेसचा कॅटलॉग, गूगल नकाशावर दुकानाची नोंद आणि एक साधं पान एवढं पुरतं. दुकानात येणाऱ्या प्रत्येक पर्यटकाला विचारा: ‘नवीन वस्तू आली की फोटो पाठवू का?’ हो म्हणाला तरच नंबर लिहा, पुढे मुलाचं वय लिहा. पाचशे नावांची अशी वही झाली की पुढच्या हंगामाची निम्मी विक्री कोणालाही कमिशन न देता होऊ शकते. सावंतवाडीच्या दुकानांत वर्षानुवर्षं इतके पर्यटक येऊन गेले आणि त्यांतल्या कोणाचाच नंबर आपल्याकडे नाही, याची मला खरोखर हळहळ वाटते.

एक सोय अनेकांना माहीत नसते. १ ऑक्टोबर २०२३ पासून, उलाढाल मर्यादेच्या आत असेल आणि फक्त स्वतःच्या राज्यात माल पाठवणार असाल, तर जीएसटी क्रमांकाशिवायही मार्केटप्लेसवर विकता येतं. पोर्टलवर पॅनच्या आधारे एक नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. राज्याबाहेर पाठवायचं असेल तर आधी करसल्लागाराला विचारा.

लोक कोणते शब्द टाकून शोधतात?

तीन प्रकारे. काही जण इंग्रजी नाव टाकतात, काही मराठीत देवनागरीत, आणि बरेच जण मराठी शब्द रोमन अक्षरांत. भातुकली, भोवरा, पांगुळगाडा यांची रोमन स्पेलिंगं लोक तीन-तीन प्रकारे करतात. सगळी तुमच्या वर्णनात किंवा शोधशब्दांच्या रकान्यात असू द्या. गूगल ट्रेंड्समध्ये दोन शब्द टाकून महाराष्ट्रापुरती तुलना फुकट करता येते.

देवनागरी शब्दांवर स्पर्धा फार कमी आहे. मोठे ब्रँड ‘जातं’, ‘उखळ’, ‘पाटा-वरवंटा’ असं लिहीतच नाहीत. आपल्या वस्तूंना आपली नावं द्या, शेजारी इंग्रजी नाव देवनागरीत लिहा. आजीला हवा असलेला शब्द आजीलाच सापडला पाहिजे, कारण भातुकली पुष्कळदा आजीच घेते.

हंगाम कोणता धरायचा?

मोठ्या कंपन्या दिवाळी सेल, नाताळ आणि उन्हाळी सुट्टी धरतात. त्या आठवड्यांत जाहिरातींचे दर चढतात आणि छोट्याचा पैसा दिसेनासा होतो. आपल्याकडे त्यांच्या कॅलेंडरात नसलेले दिवस आहेत.

संक्रांत ते रथसप्तमी: हळदीकुंकवाचं वाण. पंचवीस, पन्नास, शंभर नग एकदम लागतात. छोटी लाकडी पळी, करंडा, रंगवलेलं फळ, वीस ते साठ रुपयांत बसेल असं काही. याच दिवसांत लहान मुलांचं बोरनहाण, तिथे लुटायला छोटे भोवरे. ही विचारणा डिसेंबरच्या मध्यापासून सुरू होते, म्हणून फोटो आणि दरपत्रक डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात गेलं पाहिजे. संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात पोस्ट टाकणाऱ्यांची मला दरवर्षी कीव येते, मेहनत तेवढीच आणि हाती काही नाही.

विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. मुलं लाकडी नंदी सजवून मिरवतात. नागपूर भागात नंदीला मागणी इतकी असते की लहानापासून भल्यामोठ्यापर्यंत सगळे आकार विकले जातात. कोकणातल्या कारागिरांनी हा बाजार फारसा पाहिलेला नाही. दिवाळीतले किल्ले, त्यांवरचे मावळे, तोफा, बुरूज हा मातीच्या आणि प्लास्टरच्या चित्रांचा बाजार. वर्षानुवर्षं टिकणारा रंगवलेला लाकडी मावळ्यांचा संच काढायला तिथे वाव आहे. बारसं आणि वाढदिवसाच्या परतभेटी वर्षभर चालू असतात.

फोटो-व्हिडिओ कसे असावेत?

खिडकीजवळचा सकाळचा उजेड, मागे साधं कापड, आणि वस्तू स्वच्छ पुसलेली. सहा फोटो: समोरून, तळहातावर, सगळे नग मांडून, जवळून रंगकाम, खोक्यासकट, आणि मूल खेळतंय असा. व्हिडिओ वीस सेकंदांचा, त्यात बोलायचीही गरज नाही. चिताऱ्याचा कुंचला सीताफळाच्या डोळ्यांवरून फिरतोय, एवढं दाखवलं तरी लोक थांबून बघतात.

मुलांच्या यूट्यूब चॅनेलला पैसे देऊन खेळणं दाखवावं का? मुलांना जाहिरात दाखवता येते का?

खोकी उघडून दाखवणाऱ्या व्हिडिओंनी हा उद्योग बदलला यात शंका नाही. ‘एलओएल सरप्राइज’ बाहुल्या २०१६ मध्ये आल्या त्याच मुळी आवरणामागून आवरण उघडण्याच्या मजेवर उभ्या राहून. पण त्यामागोमाग कायदाही आला. २०१९ मध्ये मुलांची माहिती पालकांना न विचारता गोळा केल्याच्या प्रकरणात गूगल आणि यूट्यूबनं अमेरिकेत १७ कोटी डॉलर भरायचं मान्य केलं, आणि २०२० पासून मुलांसाठीच्या व्हिडिओंवर व्यक्तीगणिक रोखलेल्या जाहिराती बंद झाल्या. भारताच्या २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही १८ वर्षांखालच्यांचा माग काढणं आणि त्यांच्यावर रोखून जाहिरात करणं यांना मनाई आहे. त्याचे नियम २०२५ मध्ये निघाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्यानं लागू होताहेत.

माझा सल्ला सरळ आहे. जाहिरात पालकांना, आजी-आजोबांना, बालवाडीच्या बाईंना दाखवा. मुलाला हट्ट करायला शिकवून विकू नका. एखाद्या आईनं, शिक्षिकेनं तुमचं खेळणं वापरून व्हिडिओ केला तर उत्तम, पण फुकट दिलं असेल किंवा पैसे दिले असतील तर तसं स्पष्ट लिहायला सांगा. ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलच्या २०२१ च्या सूचना हेच सांगतात. पाच हजार खरे अनुयायी असलेली मराठी बालवाडी-शिक्षिका मला पाच लाखवाल्या चॅनेलपेक्षा जास्त मोलाची वाटते. तिला पालक थेट प्रश्न विचारतात.

लेगोसारख्या कंपनीकडून आम्ही काय शिकणार?

पुष्कळ. लेगोची सुरुवात १९३२ मध्ये डेन्मार्कमधल्या बिलुंड गावात एका सुताराच्या लाकडी खेळण्यांनी झाली. एकमेकींत घट्ट बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या विटेचं पेटंट १९५८ चं. १९६० मध्ये लाकडी खेळण्यांच्या गोदामाला आग लागली आणि त्यांनी लाकूड सोडलं.

आपल्या कामाचा भाग पुढचा आहे. २००३-०४ च्या सुमारास कंपनी बुडण्याच्या बेतात होती. थीम पार्क, व्हिडिओ गेम, कपडे असं सगळीकडे हात घातलेला, आणि सुट्या भागांचे प्रकार इतके वाढलेले की कोणता भाग किती महाग पडतो याचा ताळमेळ नव्हता. २००४ मध्ये आलेल्या यॉर्गन विग क्नुडस्टॉर्प या नव्या प्रमुखानं भागांचे प्रकार जवळजवळ निम्म्यावर आणले, थीम पार्कांतला मोठा हिस्सा विकला आणि विटेकडे परत नेलं. तुमच्या दुकानात किती प्रकारच्या वस्तू आहेत? मी मोजायला सांगते तेव्हा आकडा शंभराच्या पुढे जातो, आणि विक्री पंधरा-वीस वस्तूंवर चाललेली असते. ऑनलाइन यादी त्या पंधरांचीच करा. बाकीच्या दुकानात राहू देत.

दुसरी गोष्ट, लेगोनं गिऱ्हाइकांना डिझाइन सुचवायला लावलं. २००८ मध्ये जपानमध्ये सुरू झालेला हा प्रयोग आज ‘लेगो आयडियाज’ म्हणून चालतो: कल्पनेला १०,००० जणांचा पाठिंबा मिळाला की कंपनी तिचा विचार करते, वस्तू बाजारात आली तर सुचवणाऱ्याला निव्वळ विक्रीच्या एक टक्का मिळतो. तुम्ही व्हॉट्सॲपवर तीन रेखाटनं टाकून ‘यातलं कोणतं करू?’ विचारा. लाकूड कापायच्या आधी मागणी कळते.

आमचं डिझाइन कोणी चोरलं तर?

डिझाइन कायदा २००० खाली नोंदणी केली तर आधी दहा आणि नंतर आणखी पाच वर्षं संरक्षण मिळतं. पण अर्ज करायच्या आधी वस्तू जाहीर झालेली नसावी लागते. इन्स्टाग्रामवर फोटो टाकला की ती जाहीर झाली. नवा, वेगळा आकार असेल तर आधी अर्ज, मग फोटो. पिढीजात आकारांना अशी नोंदणी मिळत नाही, तिथे जीआयचा उपयोग.

परदेशातल्या मराठी घरांना माल पाठवता येईल का?

येईल, आणि भातुकलीची ओढ तिकडे इथल्यापेक्षा जास्त जाणवते. आयात-निर्यात कोड काढावा लागतो. युरोपात ईएन ७१ मानक आणि सीई चिन्ह, अमेरिकेत एएसटीएम एफ ९६३ आणि तपासणीचे कागद लागतात, आपली कारागिरांची सवलत तिथे चालत नाही. शिवाय अमेरिकेनं ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलची करमाफी ऑगस्ट २०२५ अखेर बंद केली, त्यामुळे एकेक पार्सल पाठवणं महाग झालंय. सध्या सोपा रस्ता हाच: सुट्टीत भारतात आलेल्या कुटुंबाला इथल्या पत्त्यावर माल द्यायचा, आणि बॅगेत मावेल असा सपाट सेट वेगळा काढायचा.

महिन्याला किती खर्च करावा, आणि किती दिवस वाट बघावी?

पहिले तीन महिने जाहिरातीवर शून्य. तो वेळ फोटो, वर्णन, खोकी आणि गिऱ्हाइकांची वही यांना द्या. मग एकाच वस्तूवर, एकाच प्रसंगासाठी, दोन-तीन हजार रुपयांची जाहिरात लावून बघा, आणि किती विचारणा आल्या, किती विकलं गेलं ते लिहा. पहिली संक्रांत हातची गेली तरी हरकत नाही. त्या वर्षी कोणी विचारलं आणि का घेतलं नाही, एवढं वहीत आलं की दुसऱ्या संक्रांतीला वाणाचा दर, नगांची संख्या आणि पाठवायची तारीख तुम्हाला कोणाला विचारावी लागणार नाही.